पान दोनशे बारा

अप्पा बळवंत चौकात, जुन्या पुस्तकांच्या ढिगातून
साठ रुपयांना घेतलं.
दुकानदार म्हणाला, ताई, नवी आवृत्ती घ्या, शब्द बदललेत.
शब्द कसे बदलतील, म्हटलं,
आणि दहा रुपये कमी करून मागितले.

पहिल्या पानावर निळ्या शाईत
संजीवनी दि. गवारे, जिंतूर.
खाली नावापेक्षा मोठ्या अक्षरात,
'हे पुस्तक कुणीही नेऊ नये.'
मी नेलं.

नवी पेठेतली अभ्यासिका, खुर्ची एक्केचाळीस.
पंख्याखालची नाही, पंख्याचे महिना शंभर जास्त.
रोज पंचवीस शब्द, दहा वाक्प्रचार, एक उतारा.
सगळं तिनं आधीच सोडवलेलं, शिसपेन्सिलीनं,
अक्षर बारीक, समासात दाटीवाटीनं बसलेलं.

रिलक्टंट : नाखूश. पुढे तिचं, फोनवर बाबा.
फ्रूगल : काटकसरी. एक डबा, दोघी.
युबिक्विटस : जिथे तिथे. अमृततुल्य.
कर्ट : तुटक. घरमालकीणबाई, दुपारी एक ते चार.
बर्न द मिडनाइट ऑइल : अकराला कुलूप लावतात.
अँबिग्युअस : अर्थच लिहिलेला नाही, फक्त एक नाव,
खोडरबरानं पुसलेलं,
पान तिरकं धरलं की दिसतं.
मी धरलं तिरकं.
सांगणार नाही.

व्याकरणात ती माझ्यासारखीच आर्टिकलवर अडते.
आपल्याकडे मुलगी म्हणजे नुसती मुलगी.
इथे आधी ठरवावं लागतं, कुणीतरी एक,
की तीच ती, जिच्याबद्दल बोलणं चाललंय.
रिकाम्या जागेत तिनं तीनदा 'अ' लिहून खोडला
आणि शेवटी 'द' लिहिला, दाबून,
मागच्या पानावर उमटेल इतका.
उत्तर चूक आहे.
मी लाल खूण केली नाही.

सिन्स की फॉर, वाक्य सातवं.
छापलेलं वाक्य लंडनमध्ये राहणाऱ्या कुणा पीटरचं.
तिनं लंडन खोडून पुणे केलं, पीटर खोडून मी.
काळ मात्र तोच ठेवला,
मागे कधीतरी सुरू झालेला,
अजून चालू असलेला.

मग पान दोनशे बारा.
उतारा डेन्मार्कच्या पवनचक्क्यांवर.
पहिले तीन प्रश्न सुटलेत, तिन्ही बरोबर.
चौथा : लेखकाचा सूर कसा आहे?
पेन्सिलीचा एक ठिपका, 'क' च्या शेजारी. गोल नाही.
त्यापुढची एकशे नव्वद पानं कोरी,
दुकानात पहिल्या दिवशी असतील तशी.

खालीलपैकी काय झालं असावं?
अ) निकाल लागला, यादीत नाव आलं.
ब) जिंतूरहून पाहुणे आले.
क) पैसे संपले. किंवा वय.
ड) तिनं नवी आवृत्ती घेतली.

सूचना वरच छापलेली असते :
उत्तर उताऱ्याच्याच आधारे द्यावे,
पदरचं काही घालू नये.
उताऱ्यात आहे एवढंच की
पानांच्या बेचक्यात एक पीएमटीचं तिकीट सापडलं,
शिवाजीनगर स्टँड, तारीख उडालेली.
गाडी पकडायला गेली होती
की कुणाला आणायला, त्यात नाही.

काल आईचा फोन. किती राहिलंय गं अजून?
थोडं, म्हटलं.
थोडं म्हणजे लिटल, अ लिटल की द लिटल,
तीन निराळे अर्थ, दर परीक्षेला हमखास एक मार्क,
आणि आईला ते फोनवर
नेमकं कोणतं ऐकू गेलं कोण जाणे.
बरं, म्हणाली. जेवलीस का?

एक्केचाळीसवर ऊन सरकत सरकत येतं चारच्या सुमाराला.
शेजारच्या खुर्चीवरचा कांबळे डोकं वहीवर टेकून झोपलाय,
गालावर निळ्या शाईत उलटं उमटलंय काहीतरी,
प्रेझेंट परफेक्ट असावं.

चौथा प्रश्न मी तसाच ठेवला, ठिपक्यासकट.
तिकीट होतं तिथे परत घातलं.
पेन्सिलीला टोक काढून पाचव्यापासून सुरू केलं.
पवनचक्क्या एकूण किती होत्या?
ते तर दुसऱ्याच ओळीत
सरळ दिलंय.